वाढत्या व पैदाशीच्या डुकरांस लागणारी सूक्ष्म खनिजद्रव्ये

डुकरे पाळणे ही आपल्या अरण्यप्रांतात नवी गोष्ट नव्हे. वैनगंगेपलीकडे धानोरा, एटापल्ली, भामरागड या भागांत माडिया व गोंड कुटुंबांच्या घरी काळे गावठी डुक्कर पिढ्यान्‌पिढ्या पोसले जात आहे. गोंडीत त्यास ‘पद्दी’ म्हणतात, आणि देवकार्यात व लग्नप्रसंगी त्याचे स्थान ठरलेले असते. नवा आहे तो बंदिस्त गोठ्यातील धंदा. ज्या मुलखास आपले वडील चांदा जिल्हा म्हणत, व ज्याचे २६ ऑगस्ट १९८२ पासून चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले, त्या मुलखात धान गिरणीच्या कोंड्यावर व कनकीवर भिस्त ठेवून सिमेंटच्या जमिनीचा गोठा बांधावा, यॉर्कशायर जातीच्या पांढऱ्या माद्या आणाव्यात व हा धंदा जोडीस घ्यावा असा विचार कित्येक शेतकरी करू लागले आहेत. विचार चांगला आहे. हा विषय आमच्या काही सोवळ्या वाचकांस रुचणार नाही हे आम्ही जाणतो. परंतु ज्याचे सारे वर्ष एका धानाच्या पिकावर टांगलेले आहे त्याने जोडधंद्याच्या बाबतीत नाक मुरडणे परवडण्याजोगे नाही.

अडचण येते ती अशी. गोठा स्वच्छ असतो, खाणे पोटभर असते, लसही टोचलेली असते. मादी नऊ-दहा गुटगुटीत पिल्ले देते. पहिला पंधरवडा सुखाचा जातो. तिसऱ्या आठवड्यात सर्वांत मोठे व सर्वांत धष्टपुष्ट पिल्लू सकाळी मेलेले आढळते, पाठोपाठ दुसरे, मग उरलेल्यांस हगवण लागते. शेतकरी म्हणतो, साथ आली. कोणी म्हणतो, दृष्ट लागली. शेजारच्या टोल्यावरील गावठी डुकरीण मात्र झुडपाखाली विलेली असून तिची पिल्ले चिखलात लोळत व मातीत तोंड खुपसत मजेत वाढत असतात. ज्याने एवढा खर्च केला त्याची पिल्ले मरावीत, व ज्याने काहीच केले नाही त्याची जगावीत, हा प्रकार पाहून पुष्कळांचे मन धंद्यावरून उडते. याचे कारण बहुतेक वेळा साथ नसते. ते आहारातील अत्यल्प प्रमाणात लागणाऱ्या खनिजांत असते, व तेच समजावून सांगण्याचा आमचा येथे हेतू आहे.

चुना व स्फुरद ही खनिजे जनावरास ग्रॅमांनी लागतात. लोह, जस्त, तांबे, मँगनीज, आयोडीन व सेलेनियम ही सहा मात्र मिलिग्रॅमांनी लागतात. एक किलो खाद्यात कोठे शंभर मिलिग्रॅम, कोठे चार, तर कोठे एका मिलिग्रॅमचा सातवा हिस्सा. म्हणून त्यांस सूक्ष्म खनिजे म्हणतात. मोकळ्या डुकराचा आहार आपण लक्षपूर्वक पाहिला तर त्यास ही द्रव्ये कोठून मिळतात हे ध्यानी येईल. ते मुळे व कंद उकरते, बांधावरचे खेकडे व गोगलगाई खाते, किडे वेचते, पडलेली मोहफुले व रानफळे खाते, आणि या प्रत्येक घासाबरोबर थोडी माती पोटात घेते. तेच डुक्कर कोंडले म्हणजे या सर्व वाटा एकदम बंद होतात. गव्हाणीत आपण जे टाकू तेवढेच त्याचे जग. रानडुकरास कोणी खनिज मिश्रण घालीत नाही आणि तरी ते आपल्या धानाची नासाडी करण्याइतके दांडगे असते, हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर एवढेच की रानडुकरास कोणी कोंडलेलेही नसते.

लोहाचा हिशेब प्रथम मांडू, कारण पिल्लांच्या मृत्यूचे मूळ तेथे आहे. जन्मतः पिल्लाच्या अंगी सुमारे पन्नास मिलिग्रॅम लोह असते. पिल्लू झपाट्याने वाढते, पहिल्या आठवड्यातच त्याचे वजन दुप्पट होऊ पाहते, आणि अंगात रक्त वाढविण्यासाठी त्यास दररोज निदान सात मिलिग्रॅम लोह लागते. आईच्या दुधातून मिळते ते दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम. म्हणजे रोज सहाची तूट. पन्नासाच्या शिलकेतून रोज सहा काढीत गेल्यास आठवड्या-दहा दिवसांत पेटी रिकामी होते हे सांगण्यास मोठा हिशेबनीस नको. शिवाय जे पिल्लू अधिक दूध ओढते व अधिक वाढते त्याची शिल्लक सर्वांआधी संपते. सर्वांत गुटगुटीत पिल्लू प्रथम दगावते ते म्हणूनच. कान व सुळे यांच्याकडे पाहावे: कान उजेडात धरला असता गुलाबी न दिसता मेणासारखा पांढरा दिसतो, हिरड्या फिक्या पडतात, केस राठ होतात, थोडे पळताच पिल्लास धाप लागून त्याच्या कुशी भात्यासारख्या हलू लागतात. निरोगी पिल्लाच्या शंभर मिलिलिटर रक्तात दहा ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन असावे. ते सात ग्रॅमच्या खाली गेले म्हणजे अवस्था गंभीर समजावी.

कोणी म्हणेल, मग आईलाच लोह अधिक चारावे. हा उपाय सुचणे स्वाभाविक आहे, पण तो लागू पडत नाही. मादीला कितीही लोह दिले तरी दुधात ते फारसे उतरत नाही, व गर्भाशयातील पिल्लातही फारसे अधिक साठत नाही. ब्रिटनमध्ये मॅक्गोवन व क्रिक्टन यांनी १९२३-२४ च्या सुमारास कोंडलेल्या डुकरांच्या पिल्लांचा हा पांडुरोग लोहाच्या अभावाने होतो हे दाखविले, तेव्हापासून पिल्लासच लोह द्यावे हा नियम ठरून गेला आहे. पूर्वी हिराकशीचे पाणी रोज मादीच्या सडांस लावीत, अथवा गवताच्या मुळासकट मातीची ढेकळे गोठ्यात टाकीत. १९५०–६० या दशकात लोह-डेक्स्ट्रानचे इंजेक्शन निघाले व काम सोपे झाले. आज सर्वमान्य रीत अशी की जन्मापासून दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत प्रत्येक पिल्लास मानेच्या स्नायूत दोनशे मिलिग्रॅम लोह एकदाच द्यावे. ज्या औषधाच्या एका मिलिलिटरात शंभर मिलिग्रॅम लोह असते त्याचे दोन मिलिलिटर झाले. पण बाटलीवर लिहिलेले प्रमाण वाचल्यावाचून मात्रा ठरवू नये, कारण दुप्पट तीव्रतेची औषधेही मिळतात. मांडीत टोचू नये. मांस डागाळते व पाय लंगडतो. पशुवैद्यकाकडून एकदा रीत शिकून घ्यावी.

जो गाव दवाखान्यापासून दूर आहे, पावसाळ्यात नाल्यांनी तुटतो, त्याने ढेकळांचा जुना उपाय टाकून देऊ नये. मात्र माती अशा जागेची असावी जेथे डुकरे कधी फिरली नाहीत, नाहीतर लोहाबरोबर जंतांची अंडीही पिल्लाच्या पोटात जातील. रोज ताजे ढेकूळ टाकावे, व पहिल्या आठवड्यापासून टाकावे. पांढरे पडलेल्या पिल्लास पुढे ढेकूळ देऊन उपयोग थोडा.

येथे एक भ्रम दूर करणे अवश्य आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे डोंगर व चंद्रपूरकडील लोहाऱ्याची टेकडी उत्तम लोहखनिजाबद्दल प्रसिद्ध आहेत. ज्या जिल्ह्याच्या भूमीत एवढे लोखंड, तेथे पिल्लांस लोहाचा तुटवडा कसा, असे विचारले जाते. आणि कोणी लाल गेरूची भुकटी चारून पाहतात. परंतु ही खनिजे म्हणजे लोहाचे गंज-रूप होय. त्यातील लोह डुकराच्या आतड्यात विरघळत नाही, आले तसे शेणातून निघून जाते. खाद्यात गेरू मिसळल्याने खाद्यास रंग येतो, रक्तास येत नाही. खाण्यातून लोह द्यावयाचे तर ते हिराकशीसारख्या विरघळणाऱ्या क्षाराच्या रूपात, व तेही खाद्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या शुद्ध मालाचे असावे.

आता जस्ताकडे वळू. दूध सुटल्यानंतर दोन ते चार महिन्यांच्या वयात बंदिस्त डुकरांच्या पोटावर, मांड्यांच्या आतल्या अंगास व पायांवर प्रथम लहान लाल ठिपके दिसतात. मग त्यांवर कोरडी खपली धरते, कातडी जाड होऊन तिला चिरा पडतात, आणि हळूहळू सर्व अंग वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखे दिसू लागते. जनावर खाणे कमी करते, वाढ खुंटते. आमच्याकडे यास सरसकट खरूज म्हणतात व गंधक-तेल चोपडतात. खरूज असेल तर जनावर भिंतीस अंग घासून घासून बेजार होते. जस्ताच्या अभावात खाज फारशी नसते, आणि दोन्ही बाजूंस डाग सारखे उमटतात, ही खूण ध्यानात ठेवावी. खात्री नसेल तर पशुवैद्यकाकडून कातडी खरवडून तपासून घ्यावी. हा रोग अमेरिकेत १९५३ साली वर्णिला गेला, आणि अलाबामात टकर व सॅमन यांनी १९५५ साली तो जस्ताच्या कमतरतेचा असून खाद्यात जस्त घातले असता बरा होतो हे सिद्ध केले. गंधक-तेलाने महिनोगणती न हटणारी खपली जस्ताने दोन-तीन आठवड्यांत सुटू लागते.

याची कारणे पाहिली तर आपला प्रांत या रोगास जणू पाट मांडून बसला आहे असे म्हणावे लागते. मूल, ब्रह्मपुरी, वडसा येथे धान गिरण्या असल्यामुळे डुकराच्या खाद्यात कोंडा सढळ पडतो. शंभर किलो चांगल्या कोंड्यात सुमारे दीड किलो स्फुरद असते, परंतु त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. हे फायटेट स्वतः तर पचत नाहीच, पण आतड्यात जस्तास मिठी मारून त्यासही पचू देत नाही. कोंड्यात चुना जवळजवळ नसतो, शंभर किलोत शंभर ग्रॅमही बहुधा भरत नाही. म्हणून चुनखडी घालावी असे पुस्तके सांगतात व ते बरोबर आहे. पण राजुरा-कोरपना बाजूस चुनखडीचे पट्टे असून सिमेंटचे कारखाने तिच्यावर चालतात; चुनखडी ही आपल्याकडे दुर्मीळ वस्तू नव्हे, आणि स्वस्त वस्तू ओंजळीने घातली जाते. चुना जास्त झाला म्हणजे चुना, फायटेट व जस्त या तिघांची अशी घट्ट गाठ बसते की खाद्यात असलेले जस्तही व्यर्थ जाते. शंभर किलो खाद्यास एक ते दीड किलो चुनखडी पुरे. चार-पाच किलो घालणारा शेतकरी हाडे बळकट करण्याच्या नादात कातडी गमावतो.

धानाचा शेतकरी जस्तास अगदीच अपरिचित नाही. धानाच्या पानांवर तांबूस डाग पडून रोप खुरटते त्या खैरा रोगाचे कारण जस्ताची उणीव होय, हे पंतनगर येथे डॉ. यशवंत नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले, आणि तेव्हापासून बांधीत झिंक सल्फेट टाकणे रूढ झाले. जे पिकाचे तेच डुकराचे. पण म्हणून खताच्या पोत्यातले झिंक सल्फेट डुकरास चारू नये. खताच्या मालात शिसे व कॅडमियम यांची भेसळ राहू शकते. ती शेतास लगेच जाणवत नाही, जनावरास व त्याचे मांस खाणारास जाणवते. सुपर फॉस्फेट व रॉक फॉस्फेट यांचीही हीच गोष्ट. त्यांत फ्लोरीन असते. खताचे ते खतास, खाद्याचे ते खाद्यास, हा भेद कडक पाळावा.

फायटेटचा जोर कमी करण्याचा एक घरगुती मार्ग आहे. गव्हाच्या कोंड्यात फायटेट फोडणारे एक किण्व अंगचेच असते. मिश्र खाद्यात थोडा गव्हाचा कोंडा घालून ते कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवल्यास त्याचा काही अंशी लाभ मिळतो. भिजविण्याच्या आधी खाद्य शिजवू नये, कारण उकळताच ते किण्व मरते. कारखान्यात बनविलेले असेच किण्व १९९१ पासून बाजारात असून मोठ्या वराहपालकांचे खाद्य आज त्यावाचून क्वचितच बनते.

मादीस व नरास जस्त कोणत्या कामी येते ते वेगळे सांगावयास हवे काय? गाभण मादीस ते कमी पडल्यास प्रसूती लांबते व पिल्ले लहान निपजतात. नराचे वृषण नीट वाढत नाहीत. वाढत्या डुकराइतकी दृश्य खपली मोठ्या जनावरास न येताही हे नुकसान होत असते, म्हणून ते अधिक फसवे.

तांब्याची गरज थोडी आहे आणि साध्या खाद्यातून ती बरीचशी भागते. तांबे नसेल तर लोह असूनही रक्त बनत नाही व पिल्लांचे पाय वाकतात. तथापि तांब्याविषयी निराळाच मोह उत्पन्न झालेला आहे. ब्रिटनमध्ये ब्रॉड व त्यांचे सहकारी यांनी १९५५ साली असे दाखविले की गरजेच्या कित्येक पट, म्हणजे किलोमागे अडीचशे मिलिग्रॅमपर्यंत तांबे दिले असता डुकरे अधिक वेगाने वाढतात. यावरून मोरचूद हे जणू डुकराचे टॉनिकच ठरले. दूध सुटलेल्या पिल्लांची हगवण थांबविण्यासाठी झिंक ऑक्साइड किलोमागे अडीच ते तीन हजार मिलिग्रॅम देण्याची चाल पुढे निघाली. यातील बहुतेक धातू पचत नाही, शेणावाटे बाहेर पडतो, आणि तेच शेणखत वर्षानुवर्षे एकाच बांधीत पडत गेले म्हणजे तांबे व जस्त मातीत साठत जाते. ते पाण्याबरोबर वाहूनही जात नाही. युरोपीय संघाने जस्ताची ही औषधी मात्रा जून २०२२ पासून बंद केली व तांब्याचीही मर्यादा खाली आणली. आमचे मत स्पष्ट आहे: ज्याची जमीन व गोठा दोन्ही आपल्याच नावावर आहेत त्याने पहिल्याच्या जिवावर दुसऱ्याचा नफा मोजू नये.

आयोडीनची उणीव गाभण मादीवर दिसत नाही, तिच्या पिल्लांवर दिसते. मादी ठणठणीत असते, दिवस भरून वरही दोन-चार दिवस जातात, आणि पिल्ले निपजतात ती केसांवाचून, मानेशी सुजलेली, मेलेली किंवा काही तासांत मरणारी. अमेरिकेच्या माँटाना प्रांतात या रोगाने पिल्लांची मोठी हानी होत असे. १९१७-१८ च्या सुमारास तेथील व विस्कॉन्सिन येथील संशोधनाने त्याचे कारण आयोडीन हे ठरले. उपाय अगदी स्वस्त आहे, तो म्हणजे आयोडीनयुक्त मीठ. पण त्याचा हिशेब पाहा. शंभर किलो खाद्यास आपण अर्धा किलो मीठ घालतो, म्हणजे किलोमागे पाच ग्रॅम. मिठाच्या एका किलोत तीस मिलिग्रॅम आयोडीन असेल तर खाद्याच्या किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम पडते, व गरज ०.१४ ची आहे; काम भागले. तेच मीठ उघड्यावर, ओलाव्यात राहून त्यातील आयोडीन निम्म्यावर आले तर मिळतो ०.०७५, म्हणजे गरजेच्या निम्मा. आणि जनावरांसाठी म्हणून आपण जे जाडे मीठ पोत्याने आणतो त्यात आयोडीन असेलच असे नाही. माणसांच्या खाण्यासाठी आयोडीनरहित मीठ विकण्यास २००६ पासून देशभर बंदी आहे, ती जनावरांच्या मिठास नाही. चार मादींसाठी चार पैसे वाचवून जाडे मीठ घेण्यात अर्थ नाही. जवसाची ढेप आपल्याकडे डुकरांस घालतात. तीत असणारी द्रव्ये पोटात गेल्यावर आयोडीनच्या कार्यास अडथळा करतात, म्हणून गाभण मादीच्या खाद्यात ती थोडी असावी व तिच्याबरोबर आयोडीन निश्चित असावे.

सेलेनियम हे या सर्वांत विचित्र द्रव्य. १९५७ पर्यंत ते केवळ विष म्हणून ठाऊक होते; त्या वर्षी श्वार्ट्झ व फोल्ट्झ यांनी ते अल्प प्रमाणात जीवनास अवश्य असल्याचे दाखविले. जीवनसत्त्व ई व सेलेनियम ही एकमेकांची पाठराखण करतात. दोन्ही तोकडी पडली म्हणजे चांगली वाढती डुकरे काहीही लक्षण न दाखविता एकाएकी मरतात, आणि चिरून पाहिले असता हृदयावर रक्ताचे ठिपके वा यकृत सडल्यासारखे आढळते. आपल्या बाबतीत धोका कोंड्यातून येतो. धान भरडल्यापासून थोड्याच दिवसांत कोंड्यातील तेल खवट होऊ लागते, व खवटपणाबरोबर त्यातील जीवनसत्त्व ई नष्ट होते. पावसाळ्यासाठी म्हणून महिना-दोन महिन्यांचा कोंडा भरून ठेवणारा शेतकरी नकळत हेच करीत असतो. याचा लोहाशीही संबंध आहे, तो फारसा कोणास ठाऊक नसतो: ज्या मादीस ही दोन्ही द्रव्ये कमी मिळाली तिच्या पिल्लांस लोहाचे इंजेक्शन सोसत नाही, टोचल्यानंतर काही तासांत वा एखाद्या दिवसात ती मरतात. तेव्हा शेतकरी इंजेक्शनास दोष देतो व पुढच्या वेतात ते देतच नाही. दोष आईच्या गव्हाणीतील खवट कोंड्याचा असतो. ताजा कोंडा आणावा, पंधरवड्याहून अधिक साठवू नये. तेल काढलेला कोंडा मिळाल्यास तो बराच टिकतो.

सेलेनियमची गरज किलोमागे ०.१५ ते ०.३० मिलिग्रॅम, आणि पाच-आठ मिलिग्रॅमवर तेच विष होऊन केस झडतात व खूर सुटू लागतात. म्हणजे शंभर किलो खाद्यास पंधरा ते तीस मिलिग्रॅम. तांदळाच्या एक-दोन दाण्यांच्या वजनाची ही वस्तू घरच्या तराजूत कोणी तोलू नये. सेलेनियम क्षार सुटा आणून घरी मिसळणे हा विस्तवाशी खेळ आहे. ते तयार मिश्रणातूनच घ्यावे. मँगनीजविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे: पैदाशीच्या मादीस ते किलोमागे पंचवीस मिलिग्रॅम लागते, न मिळाल्यास माज अनियमित येतो, परंतु धानाचा कोंडा मँगनीजने समृद्ध असल्याने आपणास त्याची विवंचना नको.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली ठरविलेली प्रमाणे आज सर्वत्र आधारभूत मानतात. ती अशी. अकरा ते पंचवीस किलो वजनाच्या पिल्लास एक किलो खाद्यात लोह १००, जस्त ८० व तांबे ५ मिलिग्रॅम असावे; पंचवीस ते पन्नास किलोपर्यंत लोह ६०, जस्त ६०, तांबे ४; पुढे विक्रीपर्यंत लोह व जस्त पन्नासाच्या आसपास. गाभण मादीस लोह ८०, जस्त १००, तांबे १०; दूध देत असता तांबे २०, बाकी तसेच. नरास लोह ८० व जस्त ५०, पण सेलेनियम मादीच्या दुप्पट, म्हणजे ०.३०, कारण त्यावर रेताचा जोम अवलंबून असतो. ही प्रमाणे मका व सोयाबीन यांच्या खाद्यास धरून आहेत. कोंडा विपुल असेल तेथे जस्त याहून थोडे वर ठेवणे शहाणपणाचे.

मादीविषयी आणखी एक गोष्ट. ती एकशेचौदा दिवस गर्भ वाहते, मग दोन महिने पाजते, पुन्हा गाभण राहते. प्रत्येक वेतात तिच्या अंगातील खनिज पिल्लांकडे जाते. ओहायो येथील १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीन वेते झालेल्या माद्यांच्या शरीरातील खनिजांची तुलना त्याच वयाच्या न विलेल्या माद्यांशी केली. विलेल्यांत ती कमी भरली, आणि जिची पिल्ले अधिक वजनदार तिच्यात अधिकच कमी. आपल्याकडे गाभण काळात मादीला हलके खाणे देण्याची रीत आहे, दिवसाला दोन-सव्वादोन किलो. खाणे कमी असेल तर खनिजांची मात्रा त्या थोड्या खाण्यातच पुरी बसली पाहिजे. चांगली मादी तिसऱ्या-चौथ्या वेतानंतर एकाएकी खालावली म्हणजे ‘म्हातारी झाली’ म्हणून विकतात. ती म्हातारी नसते, रिकामी झालेली असते.

आता मिश्रण विकत घ्यावयाचे ते कसे पारखावे? दुकानात बहुधा गाई-म्हशींसाठीचे मिश्रण मिळते. ते वर्ज्य नाही, पण पुडक्यावरील आकडे वाचावेत. समजा, त्यावर जस्त ०.८ टक्के लिहिले आहे. याचा अर्थ एका किलोत आठ ग्रॅम. शंभर किलो खाद्यात असे दोन किलो घातले तर सोळा ग्रॅम जस्त, म्हणजे खाद्याच्या किलोमागे १६० मिलिग्रॅम, व ते पुरेसे आहे. त्याच पुडक्यावर कॅल्शियम वीस टक्के असेल तर त्या दोन किलोंतून चारशे ग्रॅम कॅल्शियम आधीच पडले; वाढत्या डुकरास शंभर किलो खाद्यात साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास हवे असते, तेव्हा चुनखडी दीड किलो न घालता अर्ध्या किलोवर आणावी. सेलेनियम लिहिलेले नसेल तर ते नाही असेच समजावे, आणि निदान पैदाशीच्या जनावरांसाठी डुकरांचे खास मिश्रण मागवावे. सिंदेवाही येथील कृषी संशोधन केंद्र, तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी व नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय यांच्याकडे विचारणा करण्यास शेतकऱ्याने संकोच करू नये. डुकरांवरील देशाचे स्वतंत्र संशोधन केंद्र २००२ पासून आसामात गुवाहाटीजवळ राणी येथे आहे.

मिसळण्याची रीत ही मात्रेइतकीच महत्त्वाची. दोन किलो भुकटी शंभर किलोच्या ढिगावर उधळून फावडे मारल्याने एका डुकरास चौपट व दुसऱ्यास शून्य असा प्रकार होतो. प्रथम ती दोन किलो कनकीच्या पिठात एकजीव करावी, ते चार किलो आणखी पाच किलो पिठात, ते पुन्हा वीस किलोत, आणि मग सर्व ढिगात. मीठ व हिराकस ओली असतील तर आधी वाळवावीत. खनिज घातलेले खाद्य खाणाऱ्या डुकरासमोर पाणी सदैव असावे. उरलेले डुकरांचे खाद्य मेंढ्यांपुढे टाकू नये; डुकरास जे तांबे सहज सोसते ते मेंढीच्या यकृतात साठत जाते, आणि काही आठवड्यांनी लाल मूत होऊन ती मरते. ज्यांच्या वाड्यात डुकरे व मेंढ्या दोन्ही आहेत त्यांनी दोघांच्या गव्हाणी व पोती निराळी ठेवून पोत्यांवर खूण करावी.